तान्ह्या मुलासह परगांवीं

परगांवचा निरोप येतो. पूर्वीं तो पोस्टकार्डावर येत असे, आतां टेलिफोनवर येतो, मजकूर मात्र तोच असतो: "बाळाला एकदां घेऊन या, म्हणजे डोळे निवतील." निरोप धाडणारी पणजी ऐशीच्या पुढची असते. तिला आतां गाडीचा प्रवास झेपत नाहीं, आणि बाळ तर अजून रांगतें आहे. दोघांपैकीं कोणी तरी दुसऱ्याकडे गेलें पाहिजे, आणि ज्याला उचलून नेतां येतें त्यानेंच जावें हें उघड आहे. मग घरांत वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, "एवढ्याशा जिवाला ही दगदग कशाला? दोन वर्षांचें होऊं द्या, मग पाहूं." दुसरी म्हणते, "आमच्या वेळीं दोन दोन गाड्या बदलून जात होतों. कुणाला कांहीं झालें नाहीं." पहिल्याच्या बोलण्यांत काळजी आहे आणि दुसरीच्या बोलण्यांत अनुभव आहे, परंतु निर्णय करावयास दोन्ही अपुरीं पडतात. मूल दोन वर्षांचें होईपर्यंत थांबावें, तर पणजीचें वयहि तेवढेंच पुढें सरकतें. आणि 'कांहीं झालें नाहीं' असें सांगणाऱ्यांच्या मेळाव्यांत, ज्यांना कांहीं झालें ते सांगावयास हजर नसतात.

तान्ह्या मुलाच्या प्रवासाचे तीन भाग पडतात. निघण्याची वेळ ठरविणें हा पहिला, वाटेवरचे तास हा दुसरा, आणि पोंचल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस हा तिसरा. बहुतेक घरांतून सारी तयारी दुसऱ्या भागाचीच होते. दुपटीं, लंगोट, झबलीं, टोपडीं, थर्मास आणि खुळखुळा यांनीं पिशव्या भरतात. पहिला भाग लग्नाच्या मुहूर्तावर किंवा कचेरींतून मिळणाऱ्या रजेवर सोंपविलेला असतो, आणि तिसऱ्याचा विचार बहुधा कोणी करीतच नाहीं. वास्तविक ज्या भेटीसाठीं हा सारा खटाटोप, ती भेट साधते कीं फिसकटते हें त्या तिसऱ्या भागांतच ठरतें.

विवेचनाच्या सोयीसाठीं एक उदाहरण घ्यावें. मुंबईच्या एका बिऱ्हाडांतलें नऊ महिन्यांचें मूल नागपुरास पणजीकडे निघालें आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरला पोंचला. अंतर सुमारें ८४० किलोमीटर. आज गाडीच्या वेगाप्रमाणें या प्रवासाला अकरा ते पंधरा तास लागतात. मोठ्या माणसाची एक रात्र त्यांत जाते. नऊ महिन्यांच्या मुलाच्या मात्र पांच-सहा भुका, दोन-तीन झोंपा आणि सात-आठ ओले लंगोट या तासांत बसतात. प्रवासाची मोजणी याच मापानें करावी.

निघण्याच्या वेळेचा विचार करतांना मुलाचें वय महिन्यांनीं मोजावें लागतें. पहिले सहा आठवडे आईच अजून बाळंतपणांतून उठत असते. तान्ह्या मुलाला पहिल्या तीन महिन्यांत आलेला साधा तापहि डॉक्टर गंभीर मानतात, आणि चालत्या गाडींत डॉक्टर मिळणें सोपें नसतें. तेव्हां निकडीचें कारण नसेल तर या काळांत लांबचा प्रवास टाळावा. राष्ट्रीय लसीकरणाच्या क्रमांत जन्मतः द्यावयाच्या लसींनंतर ६, १० व १४ आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादि रोगांच्या लसी असतात, आणि ९ महिने पूर्ण होतांच गोवर-रुबेलाची लस असते. लस टोंचल्याच्या दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं अंगांत कसर येते; म्हणून टोंचून आणून त्याच रात्रीं गाडींत बसणें बरें नव्हे. शिवाय लसीचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. लग्नघराच्या गर्दींत न्यावयाचें मूल असेल, तर लस आणि प्रवास यांत तेवढें अंतर ठेवणें शहाणपणाचें.

तीन ते सात महिन्यांचें मूल हा सर्वांत सोयीचा प्रवासी होय. तें ठेवावें तेथें राहतें, आईच्या दुधावर त्याचें भागतें, आणि जो कोणी वांकून पाहील त्याच्याकडे पाहून तें हसतें. आठव्या महिन्याच्या सुमारास परक्यांचें भय सुरू होतें. त्याचा विचार पुढें येईल. एक ते दोन वर्षांचें मूल प्रवासाला सर्वांत अवघड, कारण त्याला पाय फुटलेले असतात आणि समज आलेली नसते. दोन वर्षांनंतर गोष्ट सांगून, खिडकींतला डोंगर दाखवून वेळ काढतां येतो. पण वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळणें व ओकणें हें नेमकें याच वयापासून सुरू होतें. म्हणजे प्रत्येक वयाची अडचण निराळी आहे. 'थोडें मोठें झालें म्हणजे सोपें जाईल' हा समज सर्वस्वीं खरा नाहीं.

आतां वाटेकडे वळावें. पांच वर्षांखालील मुलाला, त्याच्यासाठीं स्वतंत्र जागा घेतली नाहीं तर, भारतीय रेल्वेंत भाडें पडत नाहीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलासाठीं स्वतंत्र जागा राखून ठेवल्यास २०१६ सालच्या एप्रिलपासून पूर्ण भाडें द्यावें लागतें. तान्ह्यासाठीं तिकिटाचा प्रश्न उद्भवत नसला, तरी बाकाचा प्रश्न राहतोच. आईला खालचाच बाक मिळेल असें आधींपासून पाहावें. रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा मधल्या बाकावरच्या उतारूच्या झोंपेचा काळ आहे. त्या वेळांत खालच्या बाकावर ताठ बसून मुलाला पाजणें कठीण होतें. तेव्हां निजण्यापूर्वींचें पाजणें दहाच्या आंत उरकलें तर आईची पाठ वांचते. मुलाला पाठीवर निजवावें, त्याचें तोंड उघडें असावें, आणि पांघरूण छातीच्या वर जाऊं देऊं नये. दोन बाकांना लुगडें बांधून झोळी करण्याची चाल जुनी आहे व मुलें तींत शांत निजतातहि. पण गाडी धक्का घेऊन थांबते तेव्हां गांठ सुटणें आणि डोकें लोखंडावर आपटणें ही भीति खरी आहे. बांधावयाचीच असेल, तर दिवसा, बाकाच्या उंचीहून खालीं, आणि एक मोठें माणूस जागें असतांना बांधावी. गाडींत कांहीं अडचण आलीच, तर १३९ हा रेल्वेच्या मदतीचा टेलिफोन-क्रमांक घरांतल्या एका तरी माणसाला पाठ असावा.

दूध आणि पाणी हा वाटेवरचा सर्वांत नाजूक विषय. सहा महिन्यांपर्यंत मुलाला केवळ आईचें दूध द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यांत "बिचाऱ्याला पाणी तरी पाजा" असा आग्रह शेजारच्या बाकावरूनहि होतो. परंतु आईच्या दुधांत बहुतेक भाग पाण्याचाच असतो, आणि अंगावर पिणाऱ्या मुलाची तहान त्यानेंच भागते. पाणी वाढवावयाचें तें आईचें. जें मूल बाटलीवर आहे त्याच्या दुधाची भुकटी आणि उकळलेलें पाणी निरनिराळें न्यावें व लागेल तेवढेंच दूध त्या त्या वेळीं तयार करावें. तयार केलेलें दूध दोन तासांच्या आंत द्यावें, आणि मुलानें तोंड लावून उरलेलें दूध ठेवून न देतां टाकून द्यावें. कोमट दुधांत जंतु जितक्या झपाट्यानें वाढतात तितक्या झपाट्यानें दुसऱ्या कशांतहि क्वचितच वाढत असतील. 'थर्मासमध्यें दूध रात्रभर ऊन राहिलें' ही गोष्ट समाधानाची वाटते. खरें पाहतां ती जंतूंच्याच सोयीची आहे. थर्मासांत पाणी न्यावें, दूध नेऊं नये.

नऊ महिन्यांच्या मुलाला वरचें अन्न सुरू झालेलें असतें. त्याच्यासाठीं घरून भाजलेल्या तांदुळाची व मुगाची पूड न्यावी. ती उकळत्या पाण्यांत कालवली कीं पेज तयार होते. केळें हें तर देवानेंच सालींत बांधून दिलेलें अन्न आहे. फलाटावरचे पदार्थ, चिरून ठेवलेलीं फळें आणि सरबतें मुलाच्या तोंडीं लागूं देऊं नयेत. प्रवासांत नवें अन्न चाखवूं नये हा एक साधा नियम पाळला, तरी निम्मा घोर कमी होतो. कारण पोट बिघडलें तर तें कशानें, हें निदान समजतें.

तरीहि पोट बिघडतें. लहान मुलाच्या शरीरांतलें पाणी लौकर आटतें, कारण वजनाच्या मानानें त्याच्या अंगाचें क्षेत्रफळ मोठें असतें आणि त्याच्या शरीरांतला पाण्याचा सांठा थोडा असतो. जुलाब होऊं लागले तर पहिलें औषध म्हणजे क्षार-साखरेचें पाणी. त्याचें महत्त्व जगापुढें ठसठशीतपणें आलें तें १९७१ सालीं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची साथ होती आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें होतें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचें मिश्रण पाण्यांत विरघळवून तें रोग्यांच्या नातलगांच्याच हातीं दिलें. छावणींतला मृत्यूचा आंकडा, जो शेंकडा तीसपर्यंत गेला होता, तो शेंकडा चारच्याहि खालीं आला. आज त्याच तत्त्वावरचें पाकीट कोणत्याहि औषधांच्या दुकानांत मिळतें. प्रवासाच्या पिशवींत अशीं दोन पाकिटें असावींत. पाकिटावर लिहिलें असेल तेवढ्याच पाण्यांत तें पुरतें विरघळवावें आणि चमच्या-चमच्यानें पाजावें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर वापरूं नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हें प्रमाण लक्षांत ठेवावें. माप चुकून मीठ अधिक पडलें तर अपाय होतो, म्हणून हाताच्या अंदाजावर विसंबूं नये. अंगावरचें दूध मुळींच बंद करूं नये. मूल सुस्त झालें, डोळे खोल गेले, रडतांना आंसवें येईनाशीं झालीं, किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाहीं, तर पुढील मोठ्या स्टेशनावर उतरून डॉक्टर गांठावा. अशा वेळीं तिकिटाच्या पैशांचा विचार मनांत आणूं नये.

मुंबई-नागपूर मार्गावर कसाऱ्यास गाडीला मागून जादा एंजिनें जोडतात, कारण पुढें थळ घाट लागतो. तेथें दर ३७ फुटांमागें एक फूट असा चढ आहे, आणि इगतपुरीपर्यंत गाडी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर वर येते. मोठ्या माणसाला तेथें थंड हवा लागते एवढेंच कळतें. क्वचित् एखाद्या मुलाच्या कानांत दडा बसतो आणि तें कारण न सांगतां रडूं लागतें. उंचीप्रमाणें हवेचा दाब बदलतो. कानाच्या पडद्याच्या आंतला दाब बाहेरच्या इतका व्हावा म्हणून कानापासून घशापर्यंत एक नळी असते. मुलांत ही नळी अरुंद व आडवी असल्यानें ती सहज उघडत नाहीं. गिळतांना मात्र उघडते. तेव्हां चढतांना किंवा उतरतांना मूल रडलें तर त्याला पाजावयास घ्यावें. विमानांत हाच प्रकार अधिक तीव्र होतो. विमान कितीहि उंच उडत असलें, तरी आंतील हवेचा दाब साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्याहूनहि तो विरळ. विमान वर जात असतां त्रास कमी होतो, खालीं येतांना अधिक होतो. म्हणून उतरण्याच्या आधींच्या अर्ध्या तासासाठीं मुलाची भूक राखून ठेवावी. सर्दीनें नाक चोंदलेलें असेल, तर निघण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें.

नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचें ऊन. तान्ह्या मुलाला पुरता घाम येत नाहीं, आणि 'वारा लागेल' म्हणून त्याच्या अंगावर टोपडें, मोजे व दुपटें यांचे थर चढविलेले असतात. वातानुकूलित डब्यांतून फलाटावर उतरतांना पंधरा-वीस अंशांचा फरक एका पावलांत पडतो. एक जाड कपडा घालण्यापेक्षां दोन-तीन पातळ सुती कपडे घालावे. म्हणजे चढवितां-उतरवितां येतात. मोटारीनें जावयाचें असेल, तर उभ्या बंद मोटारींत मुलाला क्षणभरहि ठेवूं नये. उन्हांत तिच्या आंतली हवा वीस मिनिटांत दहा अंशांनीं चढते. मोटारींत मांडीवरचें मूल सुरक्षित वाटतें, पण धक्क्याच्या वेळीं कोणत्याहि आईच्या हातांत त्याला धरून ठेवण्याचें बळ उरत नाहीं. त्यासाठीं मुलांची खास बैठक असते व तान्ह्याची बैठक मागें तोंड करून बसवितात. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार-वाहन कायद्यानेंहि चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा अशा बैठकीनें बांधणें आवश्यक ठरविलें आहे.

कांहीं घरांचा प्रवास समुद्रापलीकडचा असतो. लंडनची किंवा न्यू जर्सीची मराठी कुटुंबें सुट्टींत पुण्या-मुंबईस येतात, आणि येथील आजी-आजोबाहि नातवाला पाहावयास तिकडे जातात. तान्ह्या मुलालाहि स्वतंत्र पारपत्र लागतें, आणि तें मिळेपर्यंतचे आठवडे हिशेबांत धरावे लागतात. अशा प्रवासांत अंतरापेक्षां घड्याळ अधिक छळतें. न्यू जर्सीचें घड्याळ आपल्या मागें उन्हाळ्यांत साडेनऊ व हिंवाळ्यांत साडेदहा तास चालतें. मुलाच्या शरीरांतलें घड्याळ दिवसाला सुमारें एक तास या गतीनें नव्या वेळेशीं जुळतें. म्हणजे आठवडाभर तरी तें रात्रीं दोन वाजतां खेळावयास उठणार हें गृहीत धरावें. त्याला रागें भरून उपयोग नाहीं. सकाळचा उजेड अंगावर घ्यावा, रात्रीं दिवे मंद ठेवावे, दिवसाची झोंप फार लांबूं देऊं नये, आणि पहिल्या आठवड्यांत बारसें, मुंज, भेटीगांठी यांचे कार्यक्रम मांडूं नयेत.

येथवर वाट संपली. गाडी नागपुरास पोंचली, टांगा म्हणा कीं मोटार म्हणा, दारांत उभी राहिली. उंबऱ्याशीं भाकरतुकडा ओंवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. या जुन्या रीतींत दृष्टीचा भाग कोणी मानो वा न मानो. तिच्यामुळें प्रवासांतून आलेली आई आणि मूल दारांत क्षणभर थांबतात, सर्वांचे हातपाय धुतले जातात, आणि घराचा गलका एकदम अंगावर येत नाहीं, एवढा लाभ खासच आहे. मग पणजी हात पुढें करते. आणि नऊ महिन्यांचें तें मूल, जें चार महिन्यांपूर्वीं कोणाकडेहि झेपावत असे, तें किंचाळून आईच्या खांद्यांत तोंड लपवितें.

या क्षणीं घरोघर पुष्कळ मनें दुखावतात. "आम्हीं काय परके?" असें कोणी बोलून दाखवितें; पणजी कांहीं बोलत नाहीं, पण हात मागें घेते. आई ओशाळते आणि मुलाला बळेंच तिच्या मांडीवर ठेवते. मूल आणखी रडतें. येथें कोणाचीहि चूक नाहीं, आणि हें समजलें पाहिजे. आठव्या महिन्याच्या सुमारास मुलाला आपलीं माणसें आणि इतर माणसें यांतला भेद कळूं लागतो. त्यापूर्वीं तें सर्वांकडे जात असे तें प्रेमानें नव्हे, ओळख नसल्यानें. परक्याला भिणें म्हणजे आपल्या माणसाला ओळखणें. हें भय बुद्धीच्या वाढीचें लक्षण आहे, आणि रांगूं लागलेल्या मुलाला तें दूर भटकण्यापासून राखतें. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९५४-५५ सालीं युगांडांतील खेड्यांतून आया व मुलें यांचें निरीक्षण केलें. त्यांना असें दिसून आलें कीं, मूल आईला ठाण्यासारखें वापरतें. तिच्यापासून थोडें दूर जातें, नवें कांहीं पाहतें, पुन्हां वळून तिच्याकडे येतें, आणि ठाणें जागेवर आहे अशी खात्री पटली कीं अधिक दूर जातें. ठाणें काढून घेतलें, म्हणजे आईच खोलीबाहेर गेली, कीं त्याचें सारें धैर्य संपतें.

यावरून पणजीनें काय करावें हें आपोआप निघतें. पहिल्या दिवशीं मुलाकडे हात करूं नये. आईजवळ बसावें, आईशींच बोलावें, मुलाच्या डोळ्यांत रोखून पाहूं नये. मूल चोरून पाहत असतें. आपली आई या बाईशीं हसून बोलते हें त्याला दिसतें, आणि त्याच्या दृष्टीनें तीच मोठी शिफारस असते. मग एखादी वाटी, एखादी जपमाळ, चाव्यांचा जुडगा जमिनीवर सहज ठेवून द्यावा. मूल वाटीपर्यंत येतें, घाबरतें, परत जातें, पुन्हां येतें. बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं तें वाटीच्या पुढें सरकतें. टेलिफोनच्या पडद्यावर आजी-पणजीला नेहमीं पाहणाऱ्या मुलाला तो चेहरा व तो आवाज थोडा ओळखीचा असतो व त्याचा उपयोग होतो. पण अंगाचा वास, हाताचा खरखरीतपणा, लुगड्याचा स्पर्श या गोष्टी पडद्यावरून जात नाहींत. त्यांची ओळख नव्यानेंच व्हावी लागते.

पाहुणचाराच्या घरांत आणखी दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली, प्रेमाचे घांस. कोणी पेढ्याचा कण चाटवितें, कोणी मध. वर्षाच्या आंतील मुलाला मध देऊं नये; त्यांत क्वचित् असे जंतुबीज असतात कीं जे मोठ्यांना बाधत नाहींत, पण तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून त्याचे स्नायु लुळे पाडणारें विष उत्पन्न करतात. डोळ्यांत काजळ घालण्याचा आग्रहहि नम्रपणें टाळावा. बाजारी काजळांत शिसें आढळलें आहे. ज्याला खोकला-पडसें आहे त्यानें मुलाचे मुके घेऊं नयेत. ही गोष्ट सुनेनें सांगितली तर उद्धटपणा ठरतो. ती घरच्या मुलानें किंवा जांवयानें आधींच टेलिफोनवर सांगून ठेवावी. दुसरी गोष्ट घराची. जेथें वर्षानुवर्षें लहान मूल नाहीं तें घर मुलासाठीं रचलेलें नसतें. पणजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या उशाशीं असतात, न्हाणींत पाण्यानें भरलेली बादली असते, जमिनीवर शेगडी किंवा देवापुढें समई असते. चार बोटें पाण्यांतहि मूल गुदमरतें, आणि गोड लेपाची एक गोळी त्याच्या जिवावर बेतते. पोंचल्याबरोबर घरांतल्या एका माणसानें स्वतः गुडघ्यांवर बसून मुलाच्या उंचीवरून सारें घर एकदां पाहून घ्यावें.

हा सारा व्याप ज्या भेटीसाठीं करावयाचा, ती भेट मुलाच्या लक्षांत राहत नाहीं. मोठेपणीं आठवणाऱ्या पहिल्या आठवणी साधारणतः तीन-चार वर्षांच्या वयानंतरच्या असतात. नऊ महिन्यांचें नागपूर त्याला कधींहि आठवणार नाहीं. तें आठवणार पणजीला, जितके दिवस तिच्या वांट्याला असतील तितके दिवस. आणि पुढें कोणी तरी त्या मुलाला सांगणार, "तूं तिच्या मांडीवर बसून तिचा चष्मा ओढला होतास." तेवढ्यापुरतें तें तिचें होऊन जातें.

म्हणूनच परतीच्या तिकिटाचा हिशेब नीट करावा. शनिवारीं पोंचून सोमवारीं परतणारे लोक पुष्कळ आहेत. रजा तेवढीच असते. परंतु भीति जाऊन ओळख होण्यास मुलाला दोन-तीन दिवस लागतात, आणि अशा प्रवासांत मूल रडण्याचें थांबवून पणजीकडे सरकूं लागतें नेमकें त्याच दिवशीं टांगा दारांत येतो. चार दिवसांच्या दोन खेपा करण्यापेक्षां आठ दिवसांची एक खेप बरी. पहिले तीन दिवस मुलाचे समजावे. उरलेले पांच पणजीचे.